डिस्कवाला घ्यावा की डिजिटल? विकत घेतलेला गेम कितपत आपला असतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलाची दहावी झाली, त्याला प्लेस्टेशन ५ हवाय. डिस्कचा खण नसलेलं डिजिटल मॉडेल स्वस्त पडतंय, तर तेच घ्यावं का? दुसरं, २०२० मध्ये पब्जीवर बंदी आली तेव्हा त्यात घातलेले पैसे अडकले होते. पैसे मोजून घेतलेला गेम असाच हातचा जाऊ शकतो का? आणि गेलाच तर व्हीपीएन (आपण दुसऱ्याच देशातून नेटवर आलोय असं भासवणारं अ‍ॅप) टाकून काम भागतं का?

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. परवडत असेल तर डिस्कवालाच घ्या. हो, विकत घेतलेला गेम जाऊ शकतो, आणि त्याला सरकारच लागतं असं नाही. व्हीपीएनने ही अडचण सुटत नाही.

माझं पुण्यात कन्सोल आणि कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, जुन्या डिस्कची देवघेवही करतो. म्हणजे डिस्कची वकिली करण्यात माझा धंद्याचा स्वार्थ आहे. तो वजा करून वाचा.

पैशांचं आधी बघू. फेब्रुवारी २०२१ मध्ये पीएस ५ आपल्याकडे आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० रुपयांना आणि डिजिटल ३९,९९० रुपयांना होता. त्यानंतर किमती बऱ्याच हलल्या, आजचा भाव दोन दुकानांत विचारून घ्या. पण हिशोबासाठी दहा हजारांचा फरक धरू. सोनीचे स्वतःचे मोठे गेम तेव्हापासून ४,९९९ रुपयांच्या घरात आले. समजा डिस्क नवी घेतली, महिन्याभरात मुलाने गोष्ट संपवली आणि तीन हजारांना विकली. गेम दोन हजारांत पडला. असे तीन-चार गेम झाले की वरचे दहा हजार वसूल. शिवाय मित्रामित्रांत अदलाबदल चालते ती वेगळीच. दर जूनला अप्पा बळवंत चौकात गेल्या वर्षीची पुस्तकं देऊन पुढच्या इयत्तेची घेणारी पोरं दिसतात, तोच हा व्यवहार. डिजिटल स्टोअरवर घेतलेला गेम असा पुढे देता येत नाही. तो तुमच्या अकाउंटला चिकटतो तो कायमचा. फ्रान्समधल्या एका ग्राहक संघटनेने यावरून स्टीम या पीसीवरच्या डिजिटल गेम-स्टोअरच्या मालक कंपनीला कोर्टात खेचलं होतं. २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने ग्राहकाला गेम पुढे विकता आला पाहिजे असा निकाल दिला, आणि २०२२ मध्ये अपिलात तो फिरला. तेव्हा तिकडेही गाडं पुन्हा जिथल्या तिथे.

डिजिटलची बाजूही सांगायला हवी. स्टोअरवर सेल लागतात तेव्हा दोन वर्षं जुना गेम हजार-बाराशेत मिळून जातो, आणि तेवढ्यात त्याची डिस्क बाजारात मिळतेच असं नाही. तुमचा मुलगा फोर्टनाइटसारखे फुकट खेळच खेळणार असेल तर डिस्कच्या खणात धूळच बसेल. दरवर्षी नवा निघणारा फुटबॉलचा गेम घेणार असेल तर त्याची डिस्क पुढच्या सप्टेंबरात मातीमोल होते, कुणी दुकानदार हात लावत नाही. मी तर लावतच नाही. गोष्ट असलेले, एकट्याने खेळायचे मोठे गेम ज्याला आवडतात, डिस्कचा खरा फायदा त्याला.

आता मालकीचं. या बाबतीत अलीकडचं सगळ्यात ढळढळीत उदाहरण म्हणजे युबिसॉफ्टचा ‘द क्रू’. गाड्या पळवायचा गेम, डिसेंबर २०१४ मध्ये आलेला. अख्ख्या अमेरिकेचा नकाशा छोटा करून त्यात घातलेला, एकट्यानेही तासन्‌तास भटकता यायचं. पण एकट्याने खेळतानासुद्धा कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी लागायची. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने तो विक्रीतून काढला, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले, आणि त्यानंतर काही दिवसांत लोकांच्या डिजिटल लायब्ररीतून परवानाही काढून घेतला. ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांच्या हातात प्लॅस्टिकची चकती उरली. इथे डिस्कही कामाला आली नाही, हे मुद्दाम सांगतो. नाहीतर माझ्यासारखे दुकानदार तुम्हाला सांगतील की डिस्क घ्या आणि निर्धास्त झोपा.

त्यातून रॉस स्कॉट नावाच्या यूट्यूबरने एप्रिल २०२४ मध्ये ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. मागणी अगदी साधी आहे. सर्व्हर जन्मभर चालवा असं कुणी म्हणत नाही. बंद करताना गेम कुठल्या तरी रीतीने चालत राहील एवढी सोय करून जा, इतकंच. युरोपियन युनियनमध्ये यासाठी काढलेल्या नागरिक-याचिकेवर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांवर सह्या झाल्या. गेमवाल्या पोरांना कुणी गांभीर्याने घेत नाही असं आपण समजतो, आणि त्यांनी ब्रसेल्सच्या टेबलावर विषय नेऊन ठेवला. युबिसॉफ्टनेही आरडाओरडीनंतर ‘द क्रू’च्या पुढच्या दोन भागांना ऑफलाइन मोड द्यायचं जाहीर केलं. म्हणजे तांत्रिक अडचण वगैरे काही नव्हती, मनावर घेतलं की जमतं.

कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४ मध्ये कायदा केला, तो १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. डिजिटल वस्तूचा फक्त वापरपरवाना देणार असाल तर पैसे घेण्याआधी ग्राहकाला ते स्पष्ट सांगा, अशी त्यात सक्ती आहे. ऑक्टोबर २०२४ पासून स्टीमवर पैसे भरायच्या पानावर तशी ओळ दिसायला लागली. ती ओळ वाचून बरेच लोक दचकले. खरं तर अटी आधीपासून त्याच होत्या. आपण ‘आय अ‍ॅग्री’वर डोळे मिटून टिचकी मारत आलो.

डिस्कमध्येही आता डावं-उजवं आहे, ते ओळखायला शिका. काही डिस्कवर पूर्ण गेम असतो. नेट बंद ठेवून डिस्क घातली, इन्स्टॉल केली, की सुरू. थोडे बग असतील, पण खेळता येईल. काही डिस्कवर नावापुरताच माल असतो. २०२२ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २’च्या पीएस ५ डिस्कवर शंभर एमबीसुद्धा डेटा नव्हता, बाकी सगळं डाउनलोड. अशी डिस्क म्हणजे फक्त किल्ली. ती विकता येते एवढाच तिचा उपयोग. स्टोअर बंद पडलं की तीही गेली. मी जुनी डिस्क घेताना दुकानातला एक कन्सोल मुद्दाम वायफायशिवाय ठेवतो, त्यात घालून बघतो. मेनूपर्यंत गेला तर भाव एक, नाही गेला तर दुसरा. तुम्हीही घरी हे करून पाहू शकता. दहा मिनिटांचं काम आहे.

स्टोअर बंद कशाला पडेल, असं वाटत असेल तर निन्टेन्डोचं पाहा. थ्रीडीएस आणि वी यू या दोन्ही मशिनांचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला बंद झालं. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० चं २९ जुलै २०२४ ला. आधी घेतलेलं पुन्हा डाउनलोड करायची मुभा ठेवली आहे, पण ती कधीपर्यंत हे कंपनीच्या मर्जीवर. एक्सबॉक्स ३६० वरून आठवलं. २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन जाहीर झाला तेव्हा मायक्रोसॉफ्टचा बेत असा होता की यंत्राने दर २४ तासांनी नेटवर हजेरी लावायची, नाहीतर गेम चालणार नाही. ज्यांच्याकडे नेट नाही त्यांनी काय करायचं, तर त्यांच्यासाठी आमचा ३६० आहेच, असं त्यांचा एक बडा अधिकारी बोलून बसला. लोकांनी असा काही धुतला की १९ जूनला, म्हणजे आठवडाभरात, कंपनीने तो बेत गुंडाळला.

दुरुस्तीच्या टेबलावरची एक गोष्ट सांगतो, कारण मालकी कुठे कुठे अडकलेली असते ते त्यातून कळतं. पीएस ४ च्या आत रुपयाच्या नाण्यापेक्षा किंचित छोटा एक सेल असतो, सीआर २०३२, घड्याळवाल्याकडे मिळतो तोच. यंत्राचं घड्याळ चालू ठेवायचं एवढंच त्याचं काम. पण ट्रॉफी (गेममधल्या कामगिरीची शाबासकी) मिळाल्याची वेळ खरी आहे ना, हे तपासायला सिस्टिम त्या घड्याळावर विसंबून होती. सेल मेला की घड्याळ बिघडायचं, मग यंत्र सोनीच्या सर्व्हरला वेळ विचारायचं, आणि तिथून उत्तर नाही आलं तर डिजिटल काय नि डिस्कवाले काय, गेम उघडायचेच नाहीत. म्हणजे उद्या सर्व्हर गेले आणि वीस-तीस रुपयांचा सेल संपला की सगळी लायब्ररी ठप्प. लोकांनी यावर बराच गदारोळ केला आणि सप्टेंबर २०२१ च्या ९.०० अपडेटमध्ये सोनीने ते गुपचूप सुधारलं. तेव्हा जुना पीएस ४ घेणार असाल तर सेटिंगमध्ये सिस्टिमची आवृत्ती बघा, ९.०० किंवा पुढची हवी. सेल तर बदलून घ्याच.

जुन्या कन्सोलचा विषय निघालाय तर एका धंद्याबद्दल बजावतो. इन्स्टाग्रामवर आणि टेलिग्रामवर चार-पाच हजारांचा गेम सातशे-आठशेत देणारे ढिगाने आहेत. ‘प्रायमरी’ आणि ‘सेकंडरी’ असे दोन भाव लावतात. आत काय असतं ते सांगतो. एका अकाउंटवर एकदा गेम घ्यायचा, ते अकाउंट एका गिऱ्हाइकाच्या कन्सोलवर प्रायमरी, म्हणजे मुख्य, करायचं, आणि त्याचाच पासवर्ड दुसऱ्याला सेकंडरी म्हणून विकायचा. कधी कधी तिसऱ्यालाही. मग एके दिवशी विकणारा पासवर्ड बदलतो, किंवा कंपनी ते अकाउंट बंद करते, आणि गेमच्या चित्रावर छोटंसं कुलूप दिसायला लागतं. असं कुलूप घेऊन पोरं दुकानात येतात. माझ्याकडे त्याची चावी नसते, कुणाकडेच नसते. ‘पंधरा गेम भरलेला’ म्हणून जो जुना पीएस ४ विकायला येतो, त्यातले बहुतेक गेम याच जातीचे. त्या पंधरा गेमचे शून्य रुपये धरा आणि फक्त यंत्राचा भाव करा.

पीसीवर खेळायचा विचार असेल तर तिथे जरा मोकळी हवा आहे. जीओजी हे पोलंडचं स्टोअर गेमचा पूर्ण इन्स्टॉलर उतरवून घेऊ देतं, त्यावर पहारा नाही. तो एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर टाकून ठेवला की जीओजी उद्या बुडाली तरी तुमचा गेम तुमच्याकडे. परवाना तिथेही कागदोपत्री परवानाच आहे, पण गेम बंद करायचं बटण त्यांच्या हातात नाही, हा फरक मोठा. स्टीमवर ते बटण त्यांच्याच हातात, तरी ऑफलाइन मोड बरा चालतो, आणि दोन तासांहून कमी खेळला असाल तर घेतल्यापासून १४ दिवसांत पैसे परत मिळतात. कन्सोलवाल्यांनी हे इतकं सरळ अजून केलेलं नाही. फक्त गेमिंग पीसीचा खर्च कन्सोलच्या दुप्पट धरा, आणि दहावी झालेल्या मुलाच्या हातात पीसी दिला की ग्राफिक्स कार्डाची मागणी दर दिवाळीला होते हेही धरा.

आता सरकारी बंदीकडे येऊ. २ सप्टेंबर २०२० ला पब्जी मोबाइलसह ११८ अ‍ॅपवर बंदी आली, ती माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ कलमाखाली, म्हणजे सरकारला अ‍ॅप आणि साइट बंद करता येतात त्या कलमाखाली. ऑक्टोबरच्या अखेरीस भारतासाठीचे सर्व्हरही बंद झाले. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय नावाने तोच खेळ परतला, जुनं अकाउंट ठरावीक मुदतीत इकडे हलवायची सोयही झाली. तुमच्या मुलाने ती मुदत पाळली असती तर घेतलेले कपडे-बंदुका वाचल्या असत्या. पुढे २८ जुलै २०२२ ला बीजीएमआयही स्टोअरवरून गायब झाला आणि मे २०२३ मध्ये परत आला. दरम्यान फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर हा तसलाच मोबाइल गेम बंदीत गेला. यातल्या कुठल्याही वेळी खेळणाऱ्याला कुणी विचारलं नाही, की पैशांचं काय ते सांगितलं नाही.

या ६९अ कलमाबद्दल एक गोष्ट महाराष्ट्रात ठाऊक असायला हवी. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. त्या प्रकरणानंतर सुप्रीम कोर्टात याचिका गेली आणि २४ मार्च २०१५ ला त्याच कायद्याचं, अशा पोस्टवरून अटक करू देणारं कलम ६६अ रद्द झालं. ते सगळ्यांना आठवतं. पण त्याच निकालात ६९अ मात्र टिकलं. त्याखालच्या २००९ च्या नियमांत तक्रार आणि कारवाई गोपनीय ठेवायची तरतूद आहे. त्यामुळे एखादी साइट का बंद झाली याचं कारण सामान्य माणसाला सहसा कळत नाही. व्हिडिओ बघायच्या फुकट आणि निरुपद्रवी व्हीएलसी प्लेअरची मूळ साइट फेब्रुवारी २०२२ च्या सुमारास भारतात उघडेनाशी झाली, ती नोव्हेंबरमध्ये सुरू झाली. तेवढ्या काळात लोकांनी व्हीएलसी वापरणं थोडंच सोडलं? ते मिळेल त्या साइटवरून उतरवलं, सोबत ब्राउझरमध्ये टूलबार, जाहिराती आणि कसले कसले ‘क्लीनर’ घेऊन. असले कम्प्युटर साफ करून आम्ही पैसे कमावले, पण चांगलं सॉफ्टवेअर मूळ ठिकाणाहून न मिळण्याचा तोटा कुणाला होतो ते दिसलं. चोरट्या साइट चालवणाऱ्यांचं काहीच बिघडलं नाही.

ऑगस्ट २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा वेगळा आहे, त्यात घोळ करू नका. पैसे लावून खेळायच्या रमी-फॅन्टसीसारख्या खेळांवर तो बंदी घालतो, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे, खेळणाऱ्याला नाही. ई-स्पोर्ट्स आणि साधे गेम त्या बंदीतून बाहेर आहेत. तुमच्या प्लेस्टेशनला त्याचा धक्का नाही. रमीपायी घर धुऊन निघालेली माणसं माझ्या ओळखीत आहेत, त्यामुळे त्या जाहिराती गेल्याचं मला दुःख नाही. पण एका फटक्यात सगळं बंद करायची सवय लागली की पुढचा नंबर कुणाचा, ही धाकधूक राहतेच.

व्हीपीएनचं म्हणाल तर, तो वापरण्यावर देशभर सरसकट बंदी नाही. जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत मात्र तसे आदेश निघाले आहेत. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नोंद पाच वर्षं ठेवायला सांगितली, तेव्हा एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क वगैरेंनी आपले भारतातले सर्व्हर हलवले. राहिली फुकटची व्हीपीएन अ‍ॅप, ती तुमचाच डेटा विकून पोट भरणारी निघायची शक्यता जास्त. शिवाय ‘द क्रू’सारखा सर्व्हरच बंद झालेला गेम व्हीपीएनने चालत नाही, आणि दुसऱ्या देशाच्या नावाने स्टोअर वापरलंत तर अकाउंट बंद व्हायची भीती वेगळी. म्हणून त्याच्या नादी लागू नका.

नेटच नसेल तर काय, हा प्रश्न पुण्यात हास्यास्पद वाटतो. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये नेट गेलं आणि ४जी परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. तिथल्या मुलाने घेतलेला सतत नेट मागणारा गेम दीड वर्ष काय कामाचा होता? एवढं लांब कशाला, कोकणात पावसाळ्यात केबल तुटली की चार दिवस कुणी फिरकत नाही. मुलगा सुट्टीत गावी कन्सोल घेऊन जाणार असेल तर हे आधीच बघून ठेवा.

मग घेताना करायचं काय? अकाउंट मुलाच्या मित्राने किंवा दुकानदाराने काढून दिलेलं नको, तुमच्या ईमेलवर तुम्ही काढा आणि मुलाचं त्याखाली जोडा. टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) चालू करा, बॅकअप कोड कागदावर लिहून कपाटात ठेवा. फोन हरवल्यावर अकाउंट गमावणारे लोक मी हॅक झालेल्यांपेक्षा जास्त पाहिलेत. सेटिंगमध्ये ‘कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले’ नावाचा पर्याय आहे, तो तुमच्या यंत्रावर चालू आहे याची खात्री करा, म्हणजे डिजिटल घेतलेले गेम नेट नसताना उघडतील. डिजिटल मॉडेल घेऊन नंतर वेगळा डिस्क ड्राइव्ह जोडायचा विचार असेल (स्लिम मॉडेलला तो जोडता येतो), तर तो पहिल्यांदा बसवताना नेट लागतंच, आणि दोन्ही मिळून किंमत डिस्कवाल्याच्या आसपासच जाते. जुना घेत असाल तर पैसे द्यायच्या आधी आपलं अकाउंट त्यावर लॉगिन करून बघा. सोनीने बंदी घातलेला कन्सोल असेल तर तो नेटवर्कला जोडलाच जात नाही, आणि हे नुसतं चालू करून कळत नाही. विकणारा म्हणाला ‘घरी जाऊन करा, इथे नेट स्लो आहे’, तर आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट काढा. त्यावरही त्याने काही सबब सांगितली तर सौदा तिथेच सोडा.